पाठ असणं आणि ओळखणं

भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता आहे. साडेचार वर्षांची मुलगी त्याच्यासमोर उभी राहून 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत एका दमात म्हणून दाखवते. घरात कौतुक होतं. मग कोणीतरी तक्त्यातल्या 'न'वर बोट ठेवून विचारतं, "हे कोणतं गं?" मुलगी गप्प होते. तिचे डोळे तक्त्याच्या पहिल्या ओळीकडे जातात आणि ती ओठातल्या ओठात 'क, ख, ग, घ' करत खाली उतरू लागते. 'त, थ, द, ध' ओलांडून बोटापाशी पोचली की जोरात सांगते, "न!" तेच अक्षर कागदाच्या चिटोऱ्यावर एकटं लिहून दाखवलं, तर मात्र तिला सांगता येत नाही.

बालवाडीत किंवा अंगणवाडीत काम करणाऱ्या कोणत्याही ताईंना हे दृश्य नवं नाही. मुलीच्या बुद्धीत काही कमी नाही. तिने वर्णमाला एखाद्या गाण्यासारखी पाठ केली आहे आणि पाठ केलेलं गाणं मधूनच म्हणता येत नाही, सुरुवातीपासूनच म्हणावं लागतं. पाठ असण्यात एका आवाजामागून दुसरा आवाज आठवतो. ओळखण्यात आकार दिसताक्षणी आवाज आठवावा लागतो, मग ते अक्षर तक्त्यावर असो, एसटीच्या पाटीवर असो की बिस्किटाच्या पुड्यावर. या दोन वेगळ्या क्षमता आहेत आणि एक आली म्हणजे दुसरी आपोआप येत नाही. मोठ्यांची बरीचशी मेहनत पहिलीवर खर्च होते, वाचायला मात्र दुसरी लागते. ती कशी घडते आणि तिला आपण मदत कशी करायची, हे या प्रकरणात पाहू.

डोळ्याला काय शिकावं लागतं

जन्मल्यापासून मूल वस्तू ओळखायला शिकतं आणि त्यात एक नियम पक्का होतो: वस्तू कुठूनही पाहिली तरी तीच असते. कपाचा कान उजवीकडे असो की डावीकडे, कप तो कपच. जगात वावरण्यासाठी हा नियम फार उपयोगाचा आहे. अक्षरांच्या जगात मात्र तो मोडावा लागतो. देवनागरीतले ३ आणि ६ हे आकडे शेजारी लिहून पाहा. एक दुसऱ्याचं जवळपास आरशातलं प्रतिबिंब आहे. चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्याला ती एकच वस्तू वाटते, फक्त तोंड फिरवलेली. म्हणून मूल ३ च्या जागी ६ लिहितं, तेव्हा त्याचा मेंदू आजवर कामी आलेला नियमच वापरत असतो.

फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान यांनी या विषयावर विस्ताराने लिहिलं आहे. वाचायला शिकताना मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे आणि खालच्या अंगाला असलेला एक छोटा भाग हळूहळू अक्षरांसाठी तयार होतो. आपण मराठी वाचत असू, इंग्रजी वाचत असू किंवा चिनी, हा भाग साधारण त्याच ठिकाणी सापडतो. लिखाणाचा शोध लागून पाच-सहा हजार वर्षंच झाली आहेत, त्यामुळे जन्मजात असा कोणताही 'वाचनाचा अवयव' आपल्याकडे नाही. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेतूनच प्रत्येक मुलाला तो घडवावा लागतो. त्याला वेळ लागतो आणि तो वेळ देणं ही मोठ्यांची जबाबदारी आहे.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एलिनॉर गिब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी अक्षरांसारखे दिसणारे पण खरे नसलेले आकार तयार केले, प्रत्येकात बारीक बदल केले आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांना मूळ आकाराशी जुळणारा आकार शोधायला सांगितलं. आकार फिरवला किंवा उलटा केला, की चार वर्षांची मुलं खूप चुकत. आठव्या वर्षापर्यंत त्या चुका जवळजवळ नाहीशा होत. यातून गिब्सन यांनी मांडलेला मुद्दा आजही शिक्षकांच्या कामाचा आहे. मूल अक्षराचं छायाचित्र मनात साठवत नाही. एका अक्षराला दुसऱ्यापासून वेगळं करणारी खूण कोणती, हे ते शोधत असतं.

देवनागरीत या खुणा कुठे आहेत? 'घ' आणि 'ध' जवळ ठेवून पाहा. 'म' आणि 'भ' पाहा, 'य' आणि 'थ' पाहा. 'थ', 'ध' आणि 'भ' या तिघांच्या डोक्यावरची रेषा अर्धवट आहे आणि डाव्या कोपऱ्यात एक छोटी गाठ आहे. त्यांचे जोडीदार 'य', 'घ', 'म' मात्र पूर्ण रेषेखाली आहेत. मोठ्यांना हा फरक इतका सवयीचा झालेला असतो, की तो आहे हेच आपण विसरतो. मुलाला मात्र कोणीतरी एकदा थांबून, बोट ठेवून दाखवायला हवं: "बघ, इथे रेष तुटली आहे." तसंच 'व'च्या पोटात तिरकी रेघ आली की 'ब' होतो, 'प'च्या पोटात रेघ आली की 'ष' होतो. जुन्या शिक्षकांनी त्याला 'पोटफोड्या ष' असं चपखल नाव दिलं, ते याच खुणेवरून. एकटं अक्षर शंभर वेळा दाखवण्यापेक्षा दोन जवळची अक्षरं शेजारी ठेवून फरक शोधायला लावणं जास्त शिकवून जातं. पण हे करायचं त्यातलं पहिलं अक्षर नीट ओळखीचं झाल्यावर. दोन्ही नवी असतील तर गोंधळ दुप्पट होतो.

आणखी एक अडचण आजच्या मुलांपुढे आहे. मराठीतला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हे शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण म्हणून ठरवले. मोबाइलवर, टीव्हीवर आणि बऱ्याच छापील जाहिरातींत मात्र हिंदी वळणाचा दांडीचा 'ल' दिसतो. सुरुवातीला एकच वळण ठरवून तेच दाखवावं. दुसरं वळण मुलाने स्वतःहून विचारलं, की सांगावं: "हासुद्धा ल आहे, असाही लिहितात."

आधी कान

अक्षर म्हणजे आवाजाची खूण. ज्याला शब्दातला आवाज वेगळा काढता येत नाही, त्याला खूण कशाची हेच कळत नाही. म्हणून अक्षरओळखीची तयारी पाटी हातात येण्याच्या बऱ्याच आधी, कानापासून सुरू होते.

इथे मराठी मुलांचं नशीब चांगलं आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा, असा दुहेरी हिशेब ठेवावा लागतो. 'एच' या नावाच्या अक्षराचा आवाज 'ह' असतो आणि 'डब्ल्यू'चा आवाज 'व'. आपल्याकडे 'क'चं नावही 'क' आणि आवाजही 'क'च. शिवाय देवनागरीतलं एक अक्षर हा तोंडातून एका झटक्यात निघणारा आवाज असतो. 'बा-हु-ली', 'टो-पी' असे टाळ्या वाजवत शब्दांचे तुकडे करणं तीन-चार वर्षांच्या मुलाला सहज जमतं.

ही तयारी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. बडबडगीतं, यमकांचे खेळ, आजीच्या तोंडच्या ओव्या यांतून कानाला सारख्या आवाजांची सवय लागते. भेंड्यांचा खेळ तर ध्वनिजाणिवेचा उत्तम वर्गच आहे. गाण्याचं शेवटचं अक्षर पकडायचं आणि त्याच अक्षरापासून नवं गाणं काढायचं, यात शब्दाचा शेवट आणि सुरुवात दोन्ही कानाने वेगळ्या काढाव्या लागतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांबरोबर गाण्यांऐवजी साध्या शब्दांच्या भेंड्या खेळाव्या: "आंबा!" "बा... बाहुली!" "ली... लिंबू!" स्वयंपाक करता करता, बसची वाट बघता बघता हा खेळ चालतो आणि त्याला काही साहित्य लागत नाही. त्याहून लहान मुलांबरोबर "'म'ने सुरू होणारं घरात काय काय आहे?" एवढं पुरतं. मीठ, मिरची, मांजर, मावशी अशी यादी मूल मजेत वाढवत नेतं. मूल 'निरमा' म्हणालं तर त्याला थांबवू नये. त्याने आवाज पकडला आहे, फक्त शब्दाच्या शेवटी पकडला आहे. "हो, 'म' शेवटी आहे. आता पुढे 'म' असलेलं सांग" असं म्हणावं.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. मराठीत 'च', 'ज' आणि 'झ' या अक्षरांना दोन-दोन आवाज आहेत. 'चाक'मधला 'च' आणि 'चार'मधला 'च' मोठ्याने म्हणून बघा. पहिल्या ओळखीला एकाच आवाजाचे शब्द घ्यावे आणि दुसरा आवाज काही दिवसांनी आणावा.

वर्णमालेचा क्रम आणि मुलाचा क्रम

आपली वर्णमाला हे एक मोठं बौद्धिक काम आहे. कंठापासून ओठापर्यंत आवाज तोंडात कुठे निर्माण होतो, त्या क्रमाने 'क' वर्गापासून 'प' वर्गापर्यंतची मांडणी आहे. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला ती थक्क करते. पण ती आवाजांच्या शास्त्रासाठी केलेली मांडणी आहे आणि नव्याने वाचायला शिकणाऱ्या मुलाच्या सोयीचा विचार तिच्यात नाही.

त्या क्रमाने गेलो तर काय होतं पाहा. पाचव्या घरात 'ङ' येतो आणि दहाव्या घरात 'ञ'. ही अक्षरं मुलाला एरवी कुठे भेटतच नाहीत. 'ट, ठ, ड, ढ' एकापाठोपाठ येतात, त्यांचे आवाजही जवळचे आणि आकारही. 'त, थ, द, ध' यांचं तेच. रोज लागणारे 'र', 'स' आणि 'ल' मात्र शेवटच्या ओळींत वाट बघत बसतात. आणि स्वरचिन्हं तर सगळी व्यंजनं संपल्यावर बाराखडीत येतात, म्हणजे तोपर्यंत मुलाला 'आई'सारखे मोजके शब्द सोडले, तर घरातले आवडते शब्द वाचता येत नाहीत.

याउलट 'क', 'म', 'र' आणि 'त' एवढीच चार अक्षरं घ्या. दिसायला चौघंही वेगळी. त्यांच्यासोबत पहिल्याच आठवड्यात काना द्या. आता मुलाच्या हातात काय काय आहे? मामा, काका, ताक, मका, रात, काम, तार, तारा, रमा. चार अक्षरं आणि एक उभी रेघ यांतून घरातली माणसं आली, जेवणातलं ताक आलं, शेतातला मका आला. मूल पहिल्याच महिन्यात वाचू लागतं आणि 'आपल्याला वाचता येतं' हा अनुभव पुढच्या अक्षराची ओढ लावतो. नंतर 'स', 'ब', 'ळ', 'घ' घेतले की घर, बाळ, बस, माळ आले. 'ध' घ्यायचा तो 'घ' पक्का झाल्यावर, 'भ' घ्यायचा तो 'म' पक्का झाल्यावर. सगळी अक्षरं ओळखीची झाली, की मग वर्णमालेचा क्रम शिकवावा. शब्दकोश पाहण्यासाठी तो लागतोच. तेव्हा मुलाला त्याचं सौंदर्यही कळतं.

भारतीय लिप्यांत अक्षरं शिकायला वेळ लागतो, हे मनाशी पक्कं असावं. इंग्रजीत लहान-मोठी मिळून ५२ चिन्हं. मराठीत ३४ व्यंजनांची नुसती बाराखडी मांडली तरी ४०८ रूपं होतात आणि त्यात जोडाक्षरं धरलेली नाहीत. मानसभाषाशास्त्रज्ञ सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. अक्षरांवरचं प्रभुत्व येण्याची प्रक्रिया पहिलीत संपत नाही, ती पुढच्या इयत्तांतही चालू राहते, असं त्यात दिसलं. मराठी आणि कन्नड मुलांच्या वाचनाचा तीन वर्षं मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये झाला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. वर्गातला बराच वेळ अक्षरं उतरवण्यात आणि एकसुरात म्हणण्यात जातो आणि अर्थाकडे, गोष्टींकडे, मुलाच्या बोलण्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं, याकडे त्याने लक्ष वेधलं. ही गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी. मुलं आळशी नसतात. आपण त्यांचा वेळ ज्या कामात घालतो, त्या कामातून वाचन येत नाही.

बोट, वाळू आणि पेन्सिल

पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं. बोटाला अक्षराची वाट कळायची आणि चुकलं तर हात फिरवून पुन्हा सुरुवात करता यायची. १९०७ मध्ये मारिया मॉन्टेसरी यांनी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. तिथे त्यांनी खरखरीत कागदाची अक्षरं कापून गुळगुळीत पाट्यांवर चिकटवली. मूल दोन बोटांनी अक्षरावरून लिहिण्याच्या दिशेने हात फिरवी आणि त्याच वेळी त्याचा आवाज म्हणे. डोळा, बोट आणि कान एकाच क्षणी एका अक्षरावर येत.

ही पद्धत आपल्याकडे आली ती गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्यामुळे. गिजुभाईंनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई तिथे त्यांच्याबरोबर काम करू लागल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्यासोबत १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या आदिवासी भागात काम उभं केलं. परदेशी महागडं साहित्य तिथे शक्यच नव्हतं. बिया, शंख-शिंपले, पानं, माती, गवत असं जे परिसरात होतं तेच त्यांनी शिक्षणाचं साहित्य केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा आग्रह होता. बालशिक्षणासाठी पैसा लागतो असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे काम समजून घ्यावं.

तेव्हा घरीही खरखरीत अक्षरं सहज होतात. पुठ्ठ्यावर डिंकाने अक्षर काढून त्यावर रवा किंवा बारीक वाळू भुरभुरावी. ताटात ज्वारीचं पीठ पसरावं. पोळ्या चालू असताना कणकेचा गोळा मुलाच्या हातात द्यावा आणि 'र' वळायला सांगावं. अंगणात रांगोळीने मोठं 'क' काढून त्यावरून चालायला लावावं. फ्रान्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या मुलांना अक्षरं नुसती दाखवण्यापेक्षा हाताने स्पर्श करून शिकवल्यावर वाचनात अधिक फायदा दिसला.

आता गिरवण्याविषयी. ठिपक्यांवरून पानंच्या पानं गिरवून घेणं ही आपली जुनी सवय आहे. अमेरिकेतल्या कॅरिन जेम्स यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांकडून त्यांनी अक्षरं तीन प्रकारे काढून घेतली. काही अक्षरं स्वतःच्या हाताने लिहिली, काही रेषांवरून गिरवली आणि काही कळफलकावर दाबली. नंतर अक्षरं पाहताना मेंदूची प्रतिमा घेतली. वाचनाशी निगडित भाग जागे झाले ते स्वतः लिहिलेली अक्षरं पाहताना. स्वतः लिहिताना प्रत्येक 'म' थोडा वेगळा येतो, कधी लांबट, कधी तिरका, आणि त्या सगळ्यांतून 'म'चं सार मेंदूला कळतं, असं जेम्स यांचं म्हणणं आहे. म्हणून गिरवणं थोडं असावं आणि लगेच मुलाला कोऱ्या पाटीवर स्वतःचं वेडंवाकडं अक्षर काढू द्यावं. तो वाकडा 'म' मोलाचा आहे. तो खोडून सुबक 'म' काढून देण्याची घाई करू नये. आणि चार वर्षांच्या आतल्या मुलाला बारीक पेन्सिल देऊन चौकटीच्या वहीत लिहायला बसवू नये. बोटांचे स्नायू तयार होण्याआधी ही सक्ती केली, तर हात दुखतो आणि मन अक्षरांपासून दूर जातं.

तक्त्यावरची चित्रं

'क कमळाचा' म्हणताना मूल चित्र पाहतं, अक्षर पाहत नाही. चित्रावर हात ठेवून विचारलं, की हे उघड होतं. चित्राची मदत सुरुवातीला जरूर घ्यावी, पण अक्षराचं कार्ड वेगळं आणि चित्राचं कार्ड वेगळं असावं, म्हणजे जोडी लावण्याचा खेळ होतो आणि नजर अक्षरावर येते.

चित्र कशाचं, हेही महत्त्वाचं. 'ऐ ऐरणीचा' आणि 'औ औताचा' हे तक्त्यांवर वर्षानुवर्षं छापलं जातं. पुण्या-मुंबईतल्या मुलाने ऐरण पाहिलेली नसते, लोहारही पाहिलेला नसतो. 'औषध' त्याला चांगलं ठाऊक असतं. उलट गावातल्या मुलाला औत माहीत असतं. घरी वारली, कातकरी, भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला तर तक्त्यावरच्या अर्ध्या चित्रांची मराठी नावंच माहीत नसतात. चित्र पाहून ते आपल्या बोलीतला शब्द मनात म्हणतं आणि अक्षराशी त्याचा मेळ बसत नाही. अशा वेळी तक्ता बाजूला ठेवावा आणि मुलांकडूनच शब्द घ्यावे. प्रत्येक मुलाजवळ एक हक्काचा शब्द असतो, तो म्हणजे त्याचं नाव. मुलं स्वतःच्या नावातली अक्षरं इतर अक्षरांपेक्षा लवकर ओळखतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. बालवाडीत प्रत्येकाच्या पिशवीच्या खुंटीवर नाव लिहून ठेवलं, की आठवड्याभरात मुलं एकमेकांच्या नावांतली सारखी अक्षरं शोधू लागतात.

एक पाठ, जवळून

अक्षर शिकवण्याची तीन पायऱ्यांची रीत एदुआर सेगँ या फ्रेंच वैद्याने मांडली आणि मॉन्टेसरींनी ती पुढे नेली. ती दहा मिनिटांत होते. समोर दोनच कार्डं ठेवावी, 'क' आणि 'म'.

पहिल्या पायरीत फक्त सांगायचं. "हा क. बोट फिरव. क... कान, काका." मग "हा म. म... मका, मामा." इथे प्रश्न नाही.

दुसऱ्या पायरीत आवाज आपण द्यायचा आणि अक्षर मुलाने शोधायचं. "मला म दे. आता क खिडकीत ठेव. म डोक्यावर घे बरं." मूल हसतं, धावतं आणि या धावण्यातच आकार आणि आवाज यांची गाठ पडते. ही पायरी सर्वांत लांब असावी. बहुतेक मोठे इथेच घाई करतात.

तिसऱ्या पायरीत कार्ड दाखवून विचारायचं, "हा कोण?" आवाज आठवून सांगणं सर्वांत अवघड, म्हणून ते शेवटी. मूल अडलं तर "चूक" असं न म्हणता दुसऱ्या पायरीवर परत जावं. तेही जमलं नाही, तर कार्डं आवरावी आणि उद्या पुन्हा काढावी. मुलाने पाठ संपवावा तो यशाने, कारण त्याचा उद्याचा उत्साह त्यावर अवलंबून आहे.

पाठ झाला की लगेच खरं वाचन हवं, मग ते एका शब्दाचं का असेना. 'मका' कार्डावर लिहून कणसाशेजारी ठेवावं. रस्त्याने जाताना दुकानाच्या पाटीवर 'म' शोधायला सांगावं. एसटी आली की "यात तुझ्या नावातलं अक्षर आहे का?" असं विचारावं. आणि रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी, कधीकधी ओळीखालून बोट फिरवत. अक्षरं कशासाठी असतात, याचं उत्तर मुलाला गोष्टीतूनच मिळतं.

वेलांटी आणि इतर वळणं

काना सोपा आहे, कारण तो अक्षरानंतर येतो आणि उच्चारही नंतर होतो. पहिली वेलांटी मात्र डोळ्याची परीक्षा घेते. 'कि'मध्ये खूण आधी दिसते, आवाज नंतर येतो. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात अशा शब्दांना अधिक वेळ लागतो असं दिसलं, तेही सरावलेल्या वाचकांना. मग सहा वर्षांचं मूल 'दिवा'ला 'दवि' लिहितं, यात आश्चर्य काय? दीर्घ वेलांटी आधी शिकवावी, 'की', 'मी', 'ती' हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. ऱ्हस्व नंतर घ्यावी. आणि बाराखडी एका व्यंजनाची सलग घोकण्यापेक्षा एक खूण अनेक अक्षरांवर लावून पाहावी: का, मा, रा, ता, सा. खुणेचा नियम एकदा कळला, की ४०८ रूपं पाठ करावी लागत नाहीत.

काळजी कधी करायची

सहा-सात वर्षांपर्यंत अक्षर उलटं येणं, 'घ'-'ध'ची अदलाबदल होणं हे स्वाभाविक आहे. शेजारचं मूल सगळी अक्षरं वाचतं म्हणून आपल्या मुलाला रात्री आठ वाजता वहीसमोर बसवण्याची गरज नाही. मात्र दुसरीच्या सुमारासही नेहमीची अक्षरं ओळखू येत नसतील, यमक जुळवता येत नसतील, कालचं अक्षर आज पूर्ण पुसलं जात असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावे. ते ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने त्यासाठी 'डाली' ही चाचणी मराठीतही तयार केली आहे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अक्षमतेचा समावेश आहे. मदत मागण्यात लाज नाही. लाज वाटेल असं बोलणं मुलाच्या कानावर पडणं मात्र फार वाईट. 'ढ' हा शिक्का मारणं हे अक्षराचाही आणि मुलाचाही अपमान करणं आहे.

तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानणारं राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये आलं आणि त्यापाठोपाठ जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू झालं. तिसरीपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचू लागावं, हे त्याचं उद्दिष्ट आहे. ते गाठायचं तर सुरुवात घरातल्या आणि बालवाडीतल्या एका छोट्या बदलापासून करता येईल. पाहुण्यांसमोर मुलाला 'क ते ज्ञ' म्हणून दाखवायला सांगणं थांबवावं. त्याऐवजी विचारावं, "आज कोणता शब्द वाचलास?" मुलाने चार अक्षरांतून एक शब्द स्वतः वाचला असेल, तर त्याचं वाचन सुरू झालं आहे. उरलेली अक्षरं त्याच वाटेने, एकेक करून, नक्की येतील.